गावाचा आवाज दहा मिनिटांत कसा बसवायचा

गेल्या उन्हाळ्यात रेडिओ केंद्रातल्या ताईंनी आमच्या तीन गटांना मिळून एक काम दिलं. दहा मिनिटांचा कार्यक्रम करायचा. त्यात भाषण नको, मुलाखत नको, योजनेची माहिती नको. नुसते आपल्या भागातले आवाज. ऐकणाऱ्या बाईनं डोळे मिटले तरी तिला कळलं पाहिजे की हे धर्माबाद आहे, लातूर नव्हे की देगलूर नव्हे. आम्ही लगेच हो म्हणालो. फोन हातात आहेच, बटण दाबायचं, झालं काम, असं आम्हाला वाटलं.

पंधरा दिवसांत आम्ही ४३ आवाज गोळा केले. मिरची, गाडी, शाळा, शेळ्या, लग्नाचा बँड, नळाला पाणी आलं त्याची धावपळ, सगळं. ते एकापुढे एक जोडले आणि एकीच्या घरी सगळ्यांना ऐकवले. तिची सासू बाजेवर बसली होती. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, "काय हरवलंय का गं माय? कोण कोणाला हाका मारायलंय?" आम्ही हसलो, पण गोष्ट खरी होती. बाजाराच्या दिवशी मधोमध उभं राहिल्यासारखं झालं होतं. आवाज सगळे होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

म्हणून आज आम्ही रेकॉर्डिंगबद्दल कमी आणि त्याच्या आधीच्या कामाबद्दल जास्त बोलणार आहोत. वाकळ शिवताना आपण आधी चिंध्या पसरून बघतो, कोणता रंग कुठं जाईल ते ठरवतो, मग सुई धरतो. आम्ही आधी सुई धरली होती.

हे असलं काम जगात नवीन नाही. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर नावाच्या माणसानं आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित केले, ते कापले, परत परत वाजवले आणि त्यातून तीनेक मिनिटांची रचना केली. वाद्य एकही नाही, फक्त इंजिन, चाकं आणि शिट्ट्या. पुढे कॅनडात मरी शेफर नावाचे संगीतकार झाले. दोघांच्या नावात सारखेपणा आहे, माणसं वेगळी. या दुसऱ्या शेफरांनी १९७०च्या सुमारास व्हँकूव्हर शहरात सोबत्यांना घेऊन गावोगावचे आवाज नोंदवायला सुरुवात केली. त्यांच्या गटात काम केलेल्या हिल्डेगार्ड वेस्टरकाम्प या बाईंनी त्याच शहरातल्या सहकारी रेडिओवर असा कार्यक्रम चालवला की त्या माइक घेऊन चालत जायच्या आणि ऐकणारे त्यांच्याबरोबर ऐकत चालायचे. पुढे १९९०च्या दशकात त्या दिल्लीला आल्या आणि तिथल्या रस्त्यांच्या आवाजांतूनही त्यांनी एक रचना केली. म्हणजे फेरीवाल्याची हाकसुद्धा ऐकण्यासारखी आहे हे त्यांनी ओळखलं होतं. आपण मात्र फेरीवाला आला की "आला बाई" म्हणून दार लावून घेतो.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून मोठं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यांतल्या पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात १९९६ साली असंच ध्वनिमुद्रण झालं, म्हणजे मराठवाडा त्यात आहे. आज आपल्यापैकी किती जणींच्या घरात जातं फिरतं? आणि आपल्या सीमेपलीकडे, तेलंगणात, जहीराबादजवळच्या माचनूर गावात २००८ पासून संगम रेडिओ चालतो. तो चालवणाऱ्या बाया दलित समाजातल्या आहेत, शेतात राबणाऱ्या. सामुदायिक रेडिओचं यंत्र ५० वॅटचं असतं आणि आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. म्हणजे आपला ऐकणारा हा आपला शेजारीच असतो. त्याला फसवता येत नाही. खोटी कोंबडी आरवली तर त्याला लगेच कळतं.

तर दुसऱ्यांदा सुरुवात करताना आम्ही फोन पिशवीत ठेवले. आठ दिवस फक्त ऐकायचं. प्रत्येकीनं दिवसातून तीनदा, पहाटे, दुपारी आणि निजायच्या आधी, पाच-पाच मिनिटं एका जागी बसायचं. पाच मिनिटं फार वाटत नाहीत, पण पहिल्या दिवशी बहुतेकींना दोन मिनिटांतच स्वयंपाकाची आठवण झाली. ज्यांना लिहिता येतं त्यांनी वहीत लिहिलं. ज्यांना येत नाही त्यांनी ओट्यावर खडूनं गोल काढला, मधे स्वतःसाठी टिंब, आणि ज्या बाजूनं आवाज आला त्या बाजूला खूण. जवळचा आवाज टिंबाजवळ, लांबचा कडेला. खरं सांगायचं तर खडूचे गोल वह्यांपेक्षा चांगले निघाले. वहीत "चिमणी, मोटारसायकल, भांडी" एवढंच होतं. गोलात दिसत होतं की एकीच्या घराच्या पूर्वेला काहीच नाही आणि पश्चिमेला सगळी गर्दी आहे. तिच्या पूर्वेला शेत होतं आणि ते पडीक होतं.

आठ दिवसांनी सगळ्या नोंदी एकत्र करून आम्ही त्यांचे तीन ढीग केले. ही वाटणी त्या कॅनडातल्या शेफरांची आहे, नावं आम्ही आपली दिली.

पहिला ढीग पायाच्या आवाजांचा. हे सतत असतात, म्हणून लक्षात येत नाहीत. पंखा, रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर, रातकिडे, पिठाच्या गिरणीचा पट्टा. हे बंद पडले तरच कळतात. वीज गेली की "किती शांत झालं" असं आपण म्हणतो ना, तो हा ढीग.

दुसरा ढीग हाकेच्या आवाजांचा. हे आपल्याला काहीतरी करायला सांगतात. शाळेची घंटा, घंटागाडी, अजान, देवळातली आरती, कुकरची शिट्टी, गाडीचा भोंगा. इथं आमचा वाद झाला की आरती आधी घ्यायची की अजान. दहा-पंधरा मिनिटं वाद चालला, आवाज चढले. शेवटी एकीनं विचारलं की बाई, पहाटे आधी काय ऐकू येतं? ज्याची वेळ आधी तो आवाज आधी. घड्याळानं वाद सोडवला आणि आम्ही तो नियम पुढेही पाळला. आवाज जिथं खरोखर येतो तिथंच ठेवायचा.

तिसरा ढीग ओळखीच्या आवाजांचा, जे दुसऱ्या गावात नसतात. हा ढीग सगळ्यात लहान असतो आणि कार्यक्रम त्याच्यावर उभा राहतो. आमच्या ढिगात तीन गोष्टी उरल्या. एक, मिरची. धर्माबादचा मिरचीचा बाजार लांबलांबपर्यंत माहीत आहे. वाळलेली मिरची मुठीत धरून कानाशी हलवली की आतलं बी खुळखुळतं. ओली असेल तर वाजत नाही. आमच्या म्हाताऱ्या माणसांना हाताआधी कानानं कळायचं की माल वाळला. दुसरी गोष्ट, आपली भाषा. आपण १९५६ पर्यंत हैदराबादबरोबर होतो, शेजार तेलुगू आहे, बाजारात उर्दू आहे. भाजीवाली "ओकटी, रेंडु" असं मोजायला लागते आणि हिशेब मराठीत सांगून "छुट्टा देव" म्हणते. असं एक वाक्य मिळालं की गावाचं नाव सांगायची गरज उरत नाही. तिसरी गोष्ट नदीची, तिच्याकडे शेवटी येतो.

आता रातकिड्यांची गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना आम्हाला अजून जड जातं.

आमच्या गटात एक मावशी आहेत, साठीच्या आसपासच्या. त्यांच्या गोलात रात्रीच्या वेळी रातकिडे नव्हतेच. बाकी सगळ्यांच्या गोलात होते. मावशी म्हणाल्या, "आमच्या शेताकडं रातकिडे राहिलेच नाहीत. चार-पाच वर्षं झाली." आम्हाला वाटलं फवारणीमुळं असेल. तसं वाटणं चूकही नव्हतं. अमेरिकेत बर्नी क्राउस नावाच्या माणसानं एका डोंगरातल्या कुरणाचा आवाज १९८८ साली, झाडं तोडायच्या आधी घेतला आणि नंतर १९८९ साली परत घेतला. निवडक झाडंच तोडली होती, फोटोत जागा होती तशीच दिसत होती. पण पाखरांचा आवाज पार उतरला होता. डोळ्याला न दिसणारं नुकसान कानाला कळतं, हे आम्हाला केंद्रात सांगितलं होतं. म्हणून आम्ही चौघी जणी मावशींबरोबर संध्याकाळी त्यांच्या शेतावर गेलो, किड्यांशिवायची रात्र रेकॉर्ड करायला.

अंधार पडला आणि रातकिडे सुरू झाले. इतके की बोलणं ऐकू येईना. आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. मावशी शांत बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बघा, आहे का काही?" आमच्यातली एक पटकन म्हणाली, "मावशी, आवाज यायलाय की." त्यांनी विचारलं, "कुठं?"

मावशींनी बरीच वर्षं मिरची कांडपावर काम केलं आहे. त्या यंत्राजवळ उभं राहिलं की शेजारच्या बाईशी ओरडून बोलावं लागतं. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या आवाजाची थरथर ओळखतात. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की त्या मरतात, आणि मेलेल्या परत उगवत नाहीत. आधी मरतात त्या बारीक, उंच आवाज ओळखणाऱ्या. रातकिड्याचा आवाज नेमका तसाच उंच असतो. नर किडा पंखावर पंख घासून तो काढतो. जाडा आवाज, माणसाची हाक, ट्रक, हे सगळं त्या बाईला ऐकू येत राहतं, म्हणून कान गेला आहे हे तिलाही कळत नाही आणि घरालाही नाही. घरचे म्हणतात, म्हातारी मुद्दाम ऐकत नाही. स, श, फ, त ही अक्षरंसुद्धा बारीक आवाजाची असतात. ती निसटतात आणि "सात" ऐवजी "हात" ऐकू येतं. मावशींच्या सुनेला ते ऐकून रडू आलं. तिनं किती वेळा टोमणे मारले होते ते तिला आठवलं.

मावशींची सरकारी दवाखान्यात कानाची तपासणी झाली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते वरच्यासारखंच होतं. कानाच्या यंत्रानं बोलणं समजायला मदत होईल, गेलेलं परत येणार नाही. आम्हाला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढ्यासाठी की, दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं कर्ज काढून स्वतःचं कांडप यंत्र घेतलं आहे आणि त्यावर आमच्याच बाया चार-चार तास उभ्या राहत होत्या. हप्ता भरायचा म्हणून कोणी त्याबद्दल बोललं नाही. आम्हीही नाही. साधी खूण लक्षात ठेवा. हातभर अंतरावरच्या बाईला ओरडून सांगावं लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास राहिलं तर कान जातो, आणि आवाज जरासा वाढला, तीनच डेसिबलनं, तरी सोसायचा वेळ निम्म्यावर येतो. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. मेडिकलमध्ये फेसाचे बोळे मिळतात, ते वळून आत घालायचे. आता आमच्याकडे यंत्रावर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या आहेत आणि बोळे खिळ्याला टांगलेल्या डब्यात असतात. सुरुवातीला दोघींनी काढून ठेवले, कानात खाज येते म्हणून. आता घालतात.

आणि मग आमच्या कार्यक्रमाचं काय झालं? मावशीच म्हणाल्या की रातकिडे घ्या, पण मला जसं ऐकू येतं तसंही ऐकवा. म्हणून आराखड्यात असं ठरलं: पन्नास सेकंद रात्र, रातकिड्यांसकट. मग केंद्रातल्या संगणकावर त्याच रात्रीतले उंच आवाज काढून टाकायचे आणि पुढची तीस सेकंदं तीच रात्र मावशींच्या कानानं. लांबचा कुत्रा राहील, ट्रक राहील, बाजेची कुरकुर राहील. निवेदनात मावशींचं एकच वाक्य, तेही त्या स्वतः म्हणतील.

आता आराखडा. कागदावर आम्हाला जमेना, म्हणून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसून जमिनीवर मांडला. खडूनं लांब रेघ, तिचे दहा भाग, एक भाग म्हणजे एक मिनिट. पायाच्या आवाजाला ज्वारीचे दाणे, हाकेच्या आवाजाला हरभरे, ओळखीच्या आवाजाला लाल मिरची. जिथं आवाज सुरू होतो तिथपासून संपतो तिथपर्यंत दाणे ओळीनं मांडायचे. दोन आवाज एकाच वेळी असतील तर एकाखाली एक ओळ. मांडून झालं की उभं राहून वरून बघायचं. पहिल्यांदा मांडलं तेव्हा जमीन दिसतच नव्हती. लगेच कळलं की सासू खाटेवरून काय म्हणत होत्या. मग आम्ही दाणे उचलत गेलो.

उचलता उचलता काही गोष्टी हाताला कळल्या. एकावर एक तीनच्या वर आवाज चढवले की गोंगाट होतो. नवा आवाज ओळखायला कानाला दहा-पंधरा सेकंद लागतात, तेवढा वेळ तो एकटा किंवा शांत पायावर हवा. मोठ्या आवाजानंतर लहान आवाज लगेच आणला तर तो मरतो, मधे श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. आणि सगळे आवाज जवळून घेतलेले असतील तर गाव एका खोलीएवढं होतं. लांबचा आवाज हवाच. आम्ही आगगाडी स्टेशनवरून घेतली होती, ती काढून टाकली आणि आता थंडीच्या रात्री घराच्या ओट्यावरून घेणार आहोत. थंडीत जमिनीजवळची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार असते, त्यामुळं वर जाणारा आवाज खाली वळतो आणि लांबवर पोचतो. दिवसा न ऐकू येणारी गाडी रात्री उशाशी आल्यासारखी वाटते ती यामुळं. ही आपली सिकंदराबाद-मनमाड लाईन. पुढं बासर, आणि बासर सोडलं की गोदावरीचा पूल. कान देऊन ऐकलं तर गाडी कुठल्या बाजूला चालली आहे तेही सांगता येतं.

दहा मिनिटांना एक दोरी लागते, जिच्यात आवाज ओवायचे. बहुतेक जणी पहाट ते रात्र असा दिवस घेतात. त्यात वाईट काही नाही, पण कोंबडा, जातं, शाळा, दिवेलागण हे सगळ्याच गावांत होतं. आमच्यातल्या एकीनं घर ते नदी अशी वाट सुचवली. शेवटी आम्ही वर्ष घेतलं, मार्च ते थंडी. सुरुवातीला तीन मिनिटं मिरची: खुळखुळणं, देठ खुडणं, पोती ओढणं, कांडप. मग दोन मिनिटं वाट बघणं: वारा, पावशा पक्षी, ज्याच्या ओरडण्यात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या "पेरते व्हा" ऐकू येतं, आणि पत्र्यावरचे पहिले थेंब. मग नदी, मग रात्र आणि मावशी, मग परत नदी, आणि शेवटी थंडीतली लांबची गाडी.

मिरचीच्या तीन मिनिटांत एक आवाज असा होता की त्याच्यावर आमच्या दोन बैठका गेल्या. खोकला. देठ खुडणाऱ्या बाया दिवसभर खोकतात, शिंकतात. मिरचीचा आवाज घ्यायचा आणि खोकला काढून टाकायचा म्हणजे खोटं बोलणं झालं. पण एक बाई म्हणाली, "ताई, माझा खोकला रेडिओवर आला आणि मालकानं ओळखला तर उद्या मला कोण कामाला बोलवंल?" तिचं म्हणणं आम्हाला पटलं. आवाजावरून माणूस ओळखू येतो, विशेषतः दहा किलोमीटरच्या आत. तिथं घेतलेला आवाज आम्ही तिच्यासमोर पुसून टाकला. मग ठरलं की खोकला आमच्याच गटाच्या शेडमध्ये, आमच्याच यंत्रावर, आमचा स्वतःचा घ्यायचा. आमच्यावर रागवायला मालक नाही. किती वेळ ठेवायचा यावरही बोलणं झालं. एकीला अर्धा मिनिट हवा होता. ऐकून बघितलं तर दहा सेकंदांनंतर कीव यायला लागते आणि हात बटणाकडे जातो. आम्ही आठ सेकंद ठेवला, खुळखुळण्याच्या लगेच नंतर, त्यावर दुसरा कुठलाही आवाज न चढवता.

असंच परवानगीचं. शेजारच्या घरातलं भांडण एकदा चुकून आमच्या फोनमध्ये आलं होतं. पाखरू घ्यायला गेलो होतो. कितीही "खरं" वाटलं तरी ते ठेवायचं नाही. बाळाला झोपवणारी आई, पोथी वाचणारे आजोबा, बाजारातली भाजीवाली, प्रत्येकाला आधी सांगायचं, नंतर ऐकवायचं, नको म्हटलं तर पुसायचं.

रेकॉर्डिंगच्या युक्त्या थोडक्यात सांगतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर पहाटेच्या पाखरांत मिस्ड कॉल वाजतो. वारा माइकवर आदळला की फडफड होते, ती नंतर काढता येत नाही. फोनच्या खालच्या टोकाला जुना मोजा किंवा लोकरीचं टोपरं घाला आणि वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा. बांगड्या मागे सारा किंवा काढून ठेवा. आमच्या पहिल्या ४३ पैकी निम्म्या आवाजांत बांगड्या आहेत. आवाज संपला तरी एक मिनिट हलू नका. जागा आणि तारीख शेवटी बोला, सुरुवातीला नको, कारण बोलेपर्यंत पाखरू उडून जातं. आणि प्रत्येक जागेचा काहीही न घडणारा एक मिनिट वेगळा घ्या, जोडताना सांधे झाकायला तोच कामाला येतो. जोडणीसाठी ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, केंद्रातली मुलं दोन दुपारींत शिकवतात. झालेला तुकडा मोठ्या स्पीकरवर ऐकून खूश होऊ नका. साध्या फोनवर लावून बघा. गिरणीचा जाडा घुमारा फोनवर गायबच होतो. त्याचा पट्ट्याचा फटफट आवाज जवळून घेतला तर तो राहतो.

आता नदी. बाभळीचा बंधारा आपल्याच तालुक्यात आहे, गोदावरीवर, १४ दरवाज्यांचा, २.७४ टीएमसीचा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. आंध्र प्रदेशाबरोबर त्याच्यावरून खटला चालला आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्यानुसार दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर सगळे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं असतं. आता ते तेलंगणात जातं. म्हणजे पाऊस असतो तेव्हा दार उघडं आणि पाऊस सरला की दार बंद. नदीकाठच्या बायांना विचारा, त्या पाणी मोजत नाहीत, ऐकतात. दरवाजे उचलले की नदीचा आवाज बदलतो. त्या म्हणतात, आमच्याकडं नदी तारखेनं बोलते. पावसाची तारीख सांगता येत नाही, पण नदीच्या आवाजाची तारीख आपल्याला न्यायालयानं नेमून दिली आहे. असा आवाज दुसऱ्या कुठल्या गावाच्या ढिगात सापडेल असं आम्हाला वाटत नाही.

आराखड्यात नदीला दोन जागा आहेत. सहाव्या-सातव्या मिनिटाला दरवाजे उघडल्यानंतरची, आणि नवव्याला बंद झाल्यानंतरची, जवळजवळ मुकी. दोन्ही एकाच दगडावर बसून घ्यायच्या, फोन एकाच उंचीवर, म्हणजे फरक पाण्याचाच राहील. आम्ही दगडावर चुन्याची खूण करून आलो आहोत.

येत्या १ जुलैला सकाळी सहाला निघायचं ठरलं आहे. आदल्या दिवशी, ३० जूनला, दरवाजे बंद असतानाचा एक आवाज घेऊन ठेवायचा आहे, ते काम नदीकाठच्या गावातल्या गटाकडे दिलं आहे. बंधाऱ्यावर अधिकारी असतात, म्हणून आम्ही काठावरूनच आवाज घेणार आहोत, आणि तसं पत्र तहसीलमध्ये आधी देणार आहोत. फोन तीन, मोजे तीन, भाकरी प्रत्येकीची स्वतःची. मावशी येणार आहेत. पाण्याचा जाडा आवाज त्यांना चांगला ऐकू येतो, म्हणून कुठला तुकडा ठेवायचा ते तिथं त्याच ठरवणार आहेत.